हिशेबाची रुजुवात

आपल्या संस्थेच्या वार्षिक स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहावे, अशी चिटणीसांची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही हिशेबतपासणीचा इतिहास हा विषय सुचविला. कार्यकारिणीतील दोघे-तिघे हसले. हिशेबाला कसला आला आहे इतिहास, असा त्यांचा प्रश्न होता. परंतु ज्या टेबलाभोवती बसून ते हसले, त्या टेबलावरील पाट्याच त्यांना उत्तर देण्यास पुरेशा होत्या. चिटणीस, खजिनदार, हिशेब तपासनीस ही पदे आपण कोठून आणली? आपल्या करवीरच्या पेठांतून सकाळी फेरफटका मारावा आणि दारांवरील नावे वाचावी. फडणीस, पोतनीस, सबनीस, मुजुमदार, दप्तरदार, पोतदार! राजर्षी शाहू छत्रपतींचे दिवाण रघुनाथ व्यंकाजी सबनीस यांचे आडनावदेखील मूळचे किल्ल्यावरील हजेरीपटाच्या कामावरून पडलेले आहे. एका राज्याने आपला हिशेब कोणी लिहावा, कोणी मोजावा आणि कोणी तपासावा याची जी वाटणी केली, ती आज आडनावांच्या रूपाने आपल्या शेजारी नांदत आहे.

आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. जुनी अकरावी उतरून प्राथमिक शाळेत लागलो आणि खडूफळा सांभाळीत निवृत्त झालो. निवृत्तीनंतर आपल्या ज्ञातिबांधवांनी आम्हांस बोर्डिंगच्या हिशेबाचे अंतर्गत तपासनीस नेमिले. त्या कामात आमच्या हातून जी चूक झाली, ती सांगावी म्हणूनच खरे पाहता हा विषय आम्ही निवडला आहे. तथापि प्रथम मूळ गोष्ट सांगतो. आमची गोष्ट तिच्या ओघात येईल.

दि. 6 जून 1674 रोजी रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला. अष्टप्रधानांत अमात्य हे एक पद होते. त्याचेच जुने नाव मुजुमदार. सर्व राज्याचा जमाखर्च तपासून तो छत्रपतींपुढे ठेवणे हे त्याचे काम. सचिव म्हणजे सुरनीस. त्याने राजपत्रे पाहून, शोधून, त्यांतील अधिक-उणे दुरुस्त करावे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. खर्च करणारा एक, त्याची पत्रे शोधणारा दुसरा आणि रकमा तपासणारा तिसरा. तिघेही प्रधान, कोणी कोणाचा कारकून नव्हे.

हे अमात्यपद ज्या घराण्यात आले, त्याचा आपल्या जिल्ह्याशी फार निकटचा संबंध आहे. निळो सोनदेव यांचे पुत्र रामचंद्र निळकंठ हेच ते रामचंद्रपंत अमात्य बावडेकर. 1689 साली राजाराम महाराज जिंजीकडे निघाले, तेव्हा महाराष्ट्राचा भार 'हुकूमतपनाह' या किताबासह त्यांच्यावर सोपविण्यात आला. पुढे ते महाराणी ताराबाईंच्या व त्यानंतर पन्हाळ्याच्या संभाजी छत्रपतींच्या पक्षाला राहिले. 1715 च्या सुमाराचे 'आज्ञापत्र' त्यांच्याच नावे प्रसिद्ध आहे. किल्ले, साहुकार, वृत्ती, फार काय रयतेची झाडे यांविषयीही त्यांत विचार आहे. ज्याचा जन्म जमाखर्च पाहण्यात गेला, त्यानेच राज्य कसे चालते हे लिहून ठेवले, यात आम्हांस काही नवल वाटत नाही. गगनबावड्याच्या घाटातून जाताना प्रवासी धबधबे पाहतात, आणि ते पाहावेतच. परंतु ही एका हिशेबनीस घराण्याची जहागीर होती याचेही स्मरण ठेवावे.

जुन्या मोडी पत्रांच्या पाठीवर व शेवटी 'रुजू सुरनिवीस', 'बार', 'मोर्तब सुद' असे बारीक शेरे असतात. वाचता न येणाऱ्यास ती नुसती शाईची वळणे दिसतात. 'रुजू' म्हणजे ताडून पाहिले, 'बार' म्हणजे दप्तरी दाखल झाले आणि 'मोर्तब' म्हणजे पत्र संपले. आता त्यापुढे कोणी एक अक्षर वाढवू नये. म्हणजे कोणी पाहिले, कोठे नोंदले आणि कोठे थांबले, या तीनही गोष्टी त्या कागदालाच चिकटलेल्या असत. आजही आपण 'रुजुवात घाला' असे म्हणतो, तो शब्द त्याच घरचा. लेखापरीक्षण हा शब्द मागाहून आला. रुजुवात आपल्याकडे आधीपासून होती.

पेशवाईत ही रचना परगण्यापर्यंत उतरली. मामलतदाराच्या हाताखाली, पण त्याच्या मुठीत नव्हे, असे दरकदार असत. यातील काम मोठ्या युक्तीने वाटलेले होते. दिवाणाने मामलतदाराच्या पत्रांवर आपली निशाणी करावी. मुजुमदाराने हिशेब व दस्तऐवज पसंत करावे, तेव्हा ते फडणिसाकडे जावे. फडणिसाने रोजची कीर्द लिहावी, पैशांच्या थैल्यांना चिठ्ठ्या बांधाव्या आणि वर्षअखेर हिशेब घेऊन हुजुरास जावे. दप्तरदाराने फडणिसाच्या कीर्दीवरून खतावणी करून महिन्याची तेरीज वर पाठवावी. पोतनिसाने वसूल व रोख शिल्लक यांची नोंद ठेवावी. नाणी पारखण्यास पोतदार दोन, एक नव्हे. हे दरकदार बहुधा वंशपरंपरेचे असत आणि त्यांना कामावरून काढण्याचा अधिकार मामलतदाराला नसे. मामलतदाराने एखादी रक्कम दडवावयाचे ठरविले, तर त्याला इतक्या जणांची तोंडे बंद करावी लागत.

याहूनही आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो 'बेहडा'. मामलतदार मुलखावर जावयास निघाला म्हणजे त्याला हुजूर दप्तरातून एक अंदाजपत्रक मिळे. अमुक परगण्यातून इतका वसूल अपेक्षित, इतका खर्च मंजूर. वर्षअखेर तो हिशेब घेऊन आला की तपासणारे कारकून त्याचा कागद आणि आपल्याकडील बेहडा शेजारी शेजारी ठेवीत. फरक जेथे दिसेल तेथेच बोट ठेवावयाचे. याचा अर्थ असा की तपासणी हिशेब आल्यावर सुरू होत नसे; हिशेब लिहिला जाण्यापूर्वीच काय पाहावयाचे हे ठरलेले असे. पुण्याच्या एकबेरीज दप्तरात सर्व राज्याचे जमा, खर्च व शिल्लक यांचे गोषवारे वर्षावर्षाने लावून ठेवीत. रुमालांत बांधलेले ते कागद आज पुण्याच्या पुरालेखागारात आहेत, आणि अभ्यासक अजूनही ते सोडून बसतात.

आता या चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाही तर आम्ही केवळ पूर्वजांचे गोडवे गायिले असे होईल. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने 1819 साली पेशव्यांच्या जिंकलेल्या मुलखावर जो अहवाल लिहिला, त्यात 'दरबारखर्च' अथवा 'अंतस्थ' नावाच्या रकमेची हकीकत आहे. मामलतदार गावांकडून मंजुरीपेक्षा जास्त वसूल करी आणि त्यातून दरबारातील कारभारी व हिशेब तपासणारे यांची तोंडे भरी. ही झाली चोरी. परंतु पुढे काय झाले ते पाहावे. ही लाच वर्षानुवर्षे चालू राहिल्याने तिचा दर ठरून गेला, ती फी होऊन बसली आणि इतर खर्चाप्रमाणे तीही हिशेबात लिहून तपासली जाऊ लागली! मग तपासनिसांना खूष ठेवण्यासाठी आणखी एक निराळी रक्कम गोळा करणे भाग पडले. अशा नाजूक खात्यात तपासनीस फार खोल पाहत नसत. त्यामुळे मामलतदार वरिष्ठांच्या नावाने गोळा करी त्याहून अधिक स्वतःच्या पदरात टाकी. आम्ही हा मजकूर प्रथम वाचला, तेव्हा पुस्तक मिटून काही वेळ बसून राहिलो. बेरीज बरोबर, कीर्द बरोबर, शेरे बरोबर. आणि तरी सगळे खोटे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती जास्त बोली लावणाऱ्यास इजाऱ्याने देण्यात येऊ लागल्या, तेव्हा तर बेहड्याला अर्थच उरला नाही. ज्याने अगाऊ रक्कम भरली, त्याला विचारणार कोण?

असो. कंपनी सरकार आले, पुढे राणीचे राज्य आले. त्या काळाच्या तपशिलात आम्ही शिरत नाही. आपल्या करवीर नगरीच्या दृष्टीने मोठी घटना म्हणजे शाहू छत्रपतींनी उभी केलेली बोर्डिंगे. 1901 साली मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग, 1906 साली मुसलमान विद्यार्थ्यांसाठी, 1908 साली अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. आणि मग एकेक ज्ञाती पुढे येत गेली. महाराजांनी जागा दिल्या, इमारती दिल्या, उत्पन्ने दिली. त्या पुण्याईवर खेड्यापाड्यांतील पोरे शिकली. आम्हीही त्यांपैकीच एक. एका खोलीत सहाजण आणि भाकरी घरून यावयाची, हे ज्यांनी भोगले आहे त्यांस बोर्डिंगचा पैसा कोणाचा हे शिकवावे लागत नाही.

1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच वर्षी सनदी लेखापालांचा कायदा होऊन 1 जुलै रोजी त्यांची भारतीय संस्था अस्तित्वात आली. लगेच दुसऱ्या वर्षीचा, म्हणजे 1950 चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम. त्याच्या नावातील 'मुंबई'च्या जागी अलीकडे 'महाराष्ट्र' आले. आपल्यासारख्या संस्थांचे हिशेब याच कायद्याने बांधलेले आहेत. विश्वस्तांनी नियमित हिशेब ठेवावे, दरवर्षी ते बंद करून पात्र लेखापरीक्षकाकडून तपासून घ्यावे, आणि त्याने ताळेबंद व उत्पन्न-खर्चाचे पत्रक धर्मादाय कार्यालयाकडे पाठवावे. अनियमित, बेकायदेशीर वा अयोग्य खर्च, वसूल न केलेले येणे, पैशाची नासाडी हे दिसल्यास त्याने ते लिहिलेच पाहिजे. नियमांत तर प्रश्नांची मालिकाच दिली आहे. तपासणीच्या दिवशी रोख शिल्लक हिशेबाशी जुळली काय? सर्व पुस्तके व पावत्या पुढे ठेवल्या काय? एक वर्षाहून जुनी येणी किती? पाच हजारांवरील बांधकामास निविदा मागविल्या काय? कलम 35 सोडून पैसा भलतीकडे गुंतविला काय? हा शेवटचा प्रश्न वाचकांनी मनात धरून ठेवावा.

लेखापरीक्षक म्हणजे काय, हे आम्हांस कायद्याच्या पुस्तकाने नव्हे तर तांदळाच्या पोत्यांनी शिकविले. आम्ही एका खेड्यात मुख्याध्यापक होतो. शाळेत खिचडी शिजत असे आणि पहिली ते पाचवीच्या मुलास दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ असा हिशेब होता. एके दिवशी तपासणीस एक वयस्क गृहस्थ आले. आम्ही कीर्द, पावत्या, साठानोंदवही असा सगळा संभार मांडून चहाची व्यवस्था केली. त्यांनी चहा घेतला. वह्यांना हात लावला नाही. खिशातून घडी केलेला एक कागद काढला. त्यावर आदल्या रात्रीच त्यांनी तीन तारखा लिहून आणल्या होत्या. एक जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या दुसऱ्या दिवसाची, एक दिवाळीच्या सुट्टीपूर्वीच्या शनिवारची आणि एक ऊसतोडीच्या ऐन भरातली. "गुरुजी, ह्या तीन दिवसांचा हजेरीपट तेवढा दाखवा," म्हणाले.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी पटावरील 62 पैकी 41 मुले हजर होती. आमच्या साठावहीत तांदूळ खर्च लिहिला होता 6 किलो 200 ग्रॅम. वाचकांनी गुणाकार करून पाहावा. आम्ही हजेरीवर नव्हे, पटावर खर्च लिहिला होता. सायंकाळी घाईने वही भरावयाची आणि आकडा ठरलेला असावयाचा, एवढेच त्याचे कारण. आम्ही घामाघूम होऊन म्हणालो, "साहेब, तांदूळ कोणी नेलेला नाही. तो पोत्यातच आहे." त्यांनी पोती मोजावयास सांगितली. खरोखरच वहीपेक्षा अकरा किलो तांदूळ जास्त भरला. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला, तर ते म्हणाले, "कमी भरला असता तर एक दोष होता. जास्त भरला हा मोठा दोष. जो तांदूळ वहीत नाही, तो उद्या कोणी नेला तर तुम्हांला तरी कळेल का?"

नंतर त्यांनी एका कागदावर लिहिले : किती वाजता वजन केले, काटा कोणाचा होता, पोती किती, फुटकी किती, समोर कोण उभे होते. आमची सही घेतली, स्वयंपाक करणाऱ्या बाईंचा अंगठा घेतला आणि कागद घडी करून खिशात ठेविला. दोषदुरुस्ती अहवाल आम्ही लिहून दिला. त्या गृहस्थांचे नाव येथे सांगत नाही. पुढे त्यांची गाठही पडली नाही. परंतु ते शाळेत येण्यापूर्वी आपल्या घरी बसून त्या तीन तारखा शोधीत होते, हे चित्र आमच्या मनातून जात नाही. त्यांना आमच्या गावची यात्रा ठाऊक होती, ऊसतोड ठाऊक होती. कोणत्या दिवशी मुले येणार नाहीत हे ज्याला कळते, त्यालाच कोणता आकडा खोटा असू शकेल हे कळते.

इतके शिकूनही आम्ही स्वतः तपासनीस झालो तेव्हा काय केले? 2018, 2019 व 2020 या तीनही वर्षी खजिनदारांनी बोलाविले, पोहे आले, कीर्दीची पाने उलटली, बेरजा पाहिल्या आणि आम्ही सही केली. बेरजेत चूक नव्हती. चहाच्या एका पावतीवर तारीख नव्हती म्हणून आम्ही मोठ्या रुबाबाने प्रश्न विचारल्याचेही आम्हांस स्मरते! विद्यार्थी बक्षीस निधीची दोन लाखांची ठेव ताळेबंदात होती; ठेवपावतीची छायाप्रत फायलीत होती; वर्षाचे अठरा हजार व्याज जमा होते. बक्षीस समारंभ थाटात होत होता.

आमचे खजिनदार 2021 साली निवर्तले. त्यांच्यासारखा निर्मळ मनुष्य आम्ही पाहिला नाही, आणि हे वाक्य आम्ही पुढील मजकूर ठाऊक असताना लिहीत आहोत. 2022 साली हिशेब नव्या हातात गेला. आमचा एक जुना विद्यार्थी सनदी लेखापाल आहे. त्याला आम्ही सहज विचारले की तुम्ही मोठे लोक काम कसे सुरू करता. त्याने जे सांगितले, त्यात आम्हांस तो पोत्यांवाला गृहस्थच पुन्हा भेटला. तो म्हणाला, "सर, आम्ही आधी पुस्तकं उघडत नाही. आधी संस्था समजून घेतो. पैसा कुठून येतो, कुठं साठतो, कुणाच्या एकट्याच्या हातात असतो. कुठली चूक झाली तर ताळेबंद वाचणाऱ्याची फसगत होईल, ते ठरवतो. मग कुठं किती वेळ द्यायचा त्याचा कागद करतो." यालाच त्यांच्या मानकांत नियोजन म्हणतात, आणि त्यासाठी एक स्वतंत्र मानकच आहे. आम्ही चहाच्या पावतीला अर्धा तास आणि दोन लाखांच्या ठेवीला अर्धा क्षण दिला होता, हे त्याच्यापुढे कबूल करणे आम्हांस जड गेले.

मग त्याने विचारले, "मागच्या तीन वर्षांत तुम्ही काय काय तपासलं, त्याचा कागद कुठं आहे?" कागद नव्हता. सही होती. तो हसला नाही, हा त्याचा चांगुलपणा. त्याने एवढेच सांगितले की आमच्याकडे नियम असा आहे, ज्या जाणकार लेखापरीक्षकाचा या कामाशी पूर्वी काही संबंध नव्हता, त्याने नुसते कागद पाहिले तरी काय तपासले, कोणता पुरावा मिळाला आणि निष्कर्ष कसा काढला हे त्याला समजले पाहिजे. अहवालावर सही झाल्यापासून साठ दिवसांच्या आत ती फाईल पुरी लावावयाची आणि पुढे किमान सात वर्षे जपावयाची. आम्हांस रुजू, बार व मोर्तब आठवले.

कागदाची ही किंमत जगाने फार मोठ्या मोलाने शिकली आहे. आपल्या कोकणातील दाभोळच्या वीज प्रकल्पामुळे एन्रॉन हे नाव महाराष्ट्रात घरोघर झाले होते. ती अमेरिकन कंपनी 2001 साली बुडाली, तेव्हा तिचे लेखापरीक्षक आर्थर अँडरसन यांच्या ह्यूस्टन येथील कचेरीत तपासणीचे कागद फाडून नष्ट केल्याचे उघड झाले. 2002 साली त्या पेढीस दोषी ठरविण्यात आले. 2005 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला खरा. तोवर पेढी संपली होती. आणि आपल्या देशात 7 जानेवारी 2009 रोजी हैदराबादच्या सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी पत्र लिहून कबुली दिली की पुस्तकांत दाखविलेल्या रोख व बँक शिलकेपैकी 5,040 कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. बँकेकडून शिलकेची खातरजमा लेखापरीक्षकाने स्वतः, परभारे करून घ्यावयाची असते. तेथे त्या कामी कसूर झाल्याचे पुढे चौकशीत ठरले. पाच हजार कोटी आणि दोन लाख यांची तुलना हास्यास्पद आहे हे आम्ही जाणतो. परंतु आम्हीही ठेवीची छायाप्रतच पाहिली होती.

विद्यार्थ्याच्या सांगण्यावरून आम्ही एक बेहडाच तयार केला. वर्षाचे अपेक्षित व्याज, अपेक्षित भाडे, मुलांच्या संख्येवरून भोजनखर्च. तो कीर्दीशेजारी ठेविला. व्याजाची रक्कम तंतोतंत जुळत होती. परंतु रकमेच्या शेजारचा रकाना आम्ही प्रथमच वाचला. 2018 पूर्वी हे व्याज धनादेशाने येत असे. त्यानंतर तीनही वर्षी ते रोखीने जमा होते. आम्ही संबंधित पतसंस्थेस पत्र पाठविले. उत्तरास दोन महिने लागले. संस्था अवसायनात निघाली होती आणि 2017 नंतर तिने कोणासही व्याज दिलेले नव्हते.

मग हे अठरा हजार दरसाल कोठून आले? आम्ही भीतभीतच दिवंगत खजिनदारांच्या चिरंजीवांकडे गेलो. त्यांनी वडिलांचे पेन्शनचे पासबुक काढून पुढे ठेविले. तीनही वर्षी बक्षीस समारंभाच्या आदल्या आठवड्यात अठरा हजार काढल्याची नोंद होती. जास्त व्याजाच्या लोभाने संस्थेचे पैसे आपण तेथे ठेविले, याचा त्यांनी मनाला लावून घेतले होते. घरी त्यांनी एवढेच सांगितले होते म्हणे, की पोरांची बक्षिसे चुकता कामा नयेत.

कार्यकारिणीत या विषयावर दोन रात्री बैठक चालली. बहुमत असे होते की गेलेल्या माणसाची अब्रू उघड्यावर आणू नये. ठेव हळूच निर्लेखित करावी व विषय मिटवावा. आम्ही त्यास विरोध केला, आणि त्याबद्दल काही स्नेही आमच्याशी अजून बोलत नाहीत. आमचे म्हणणे असे की यात दोन दोष आहेत आणि दोन्ही लिहिलेच पाहिजेत. पतसंस्था ही कलम 35 मधील गुंतवणुकीच्या जागांत बसत नाही. बँकेतील ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे जे संरक्षण असते, तेही तेथे नाही. तेव्हा तो पैसा तेथे ठेवणेच गैर होते, आणि तो ठराव कार्यकारिणीचा होता, एकट्या खजिनदारांचा नव्हे. दुसरा दोष आमचा. त्या वर्षांच्या वैधानिक लेखापरीक्षण अहवालात बारीक अक्षरात एक टीप होती की सदर ठेवीची खातेपुष्टी उपलब्ध झाली नाही. तीनही वर्षी होती. वार्षिक सभेत अहवाल 'वाचला असे समजून' मंजूर झाला, त्या सभेत आम्ही पहिल्या रांगेत बसलो होतो. आणि ज्यास आपण व्याज म्हणून लिहिले, ते व्याज नव्हते. एका निवृत्त माणसाचे चोपन्न हजार रुपये होते. ते तसे न लिहिता विषय मिटविणे म्हणजे त्यांची लाज राखणे की त्यांचे देणे बुडविणे, याचा सभासदांनी विचार करावा. चिरंजीवांची लेखी अनुमती घेऊनच आम्ही हे येथे छापीत आहोत. त्यांनी पैसे परत नको असे कळविले आहे. नोंद मात्र खरी व्हावी, एवढीच त्यांची इच्छा आहे.

त्यानंतरची तपासणी कशी केली, ते थोडक्यात सांगतो. प्रथम एका पानावर आराखडा लिहिला : कोणती खाती, कोणत्या क्रमाने, कोणत्या दिवशी, आणि का. सर्व बँकांना पत्रे आम्ही स्वतः टपालात टाकली आणि उत्तरे आमच्याच पत्त्यावर मागविली. कोठीघरातील धान्य न कळविता जाऊन मोजले. मोजताना दोन विद्यार्थी समोर उभे केले, त्यांच्या सह्या घेतल्या. काटा कोणाचा, हेही लिहिले. भाडेकरूंकडे प्रत्यक्ष जाऊन पावत्या पाहिल्या. त्यांतील एकाने आम्हांस चहा पाजला आणि तीन महिन्यांचे भाडे थकल्याचे कबूल केले. ते भाडे पुस्तकांत आले म्हणून दाखविलेले नव्हते, हे पाहून बरे वाटले. प्रत्येक कागदावर क्रमांक, तारीख व आमची सही आहे. जेथे पुरावा मिळाला नाही तेथे 'मिळाला नाही' असे लिहिले आहे.

हे सर्व कागद तांबड्या रुमालात बांधून कचेरीतील लोखंडी कपाटाच्या तिसऱ्या फळीवर ठेविले आहेत. वर अनुक्रमणिका लावली आहे. कोणाही सभासदास कचेरीच्या वेळेत ते पाहता येतील. किल्ली चिटणीसांकडे आहे. बक्षीस निधीविषयीची टीप पान 4 वर आहे. पतसंस्थेच्या अवसायकाकडे केलेल्या मागणीची पोच त्याखाली जोडली असून उत्तराची जागा कोरी ठेविली आहे. 2019 सालच्या दोन पावत्या अद्याप सापडल्या नाहीत. त्यांचे क्रमांक पान 9 वर दिले आहेत. कोणाजवळ असल्यास कृपया आणून द्याव्या.